पंचवीस डिस्क आणि एक भाषण

वजनमापं खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या साहेबांनी सकाळीच छाती फुगवून जाहीर केलं, "डिस्क ना? दहा मिनिटांचं काम!"

बाई, म्हणजे साहेबांची पत्नी, नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्या समारंभाचं चित्रण डिस्कवर उतरवायचं होतं. पाय मोडल्यामुळे बाईंच्या धाकट्या बहिणीला येता आलं नव्हतं. बिचारी फोनवर रडली होती! तिच्या गावी इंटरनेटच्या नावाने ठणठणाट, म्हणून डिस्क साडूंच्या हाती द्यायची आणि साडू तर पाचच्या गाडीने निघणार.

चित्रण साडेचार जीबीचं. डिस्कवर छापलेलं, चार पॉईंट सात. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, जागा अपुरी! डिस्कवर जागा आहे फक्त चार पॉईंट तीन सात.

"माप मारलंय!" साहेब कडाडले.

"अहो, दुसरी लावून बघा."

दुसरीचं तेच. तिसरीचंही. मग साहेबांमधला इन्स्पेक्टर जागा झाला. डब्यातल्या पंचवीसच्या पंचवीस डिस्क एकेक लावून त्यांनी वहीत मापं टिपली. सगळ्यांचं माप शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं! इतक्या शिस्तीची लबाडी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तोवर चार वाजले.

पुढे वही घेतलेले साहेब, मागे लॅपटॉप सांभाळत बाई, अशी वरात दुकानात धडकली.

"पंचनामा करायचाय!"

दुकानवाल्या ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, डबा तेवढाच आहे. कंपनी लहान वाटीने मोजते, कॉम्प्युटर मोठ्या वाटीने, आणि दोन्ही वाट्यांना म्हणतात जीबीच. मग वाट्या कमीच भरणार ना?"

"वाट्या दोन, आणि नाव एकच? हा गुन्हा आहे!"

"असेल. पण तुम्हाला चित्रण कापावं लागेल. कोणाला कापू?"

साहेबांचा चेहरा पडला. बाईंकडे पाहून ते हळूच म्हणाले, "माझं भाषण कापा. समारंभात ते जरा लांबलंच होतं."

"खबरदार!" बाई ओरडल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात एकदाच मला हुशार म्हणालात. मुख्याध्यापकांना कापा!"

मुख्याध्यापक कापले गेले. गाडी हलता हलता डिस्क खिडकीतून साडूंच्या हातात पडली आणि बाईंनी डोळे टिपले.

परतताना साहेब खुशीत होते. "म्हणजे माझं बोलणं तुला एवढं आवडलं होतं? मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"कुठून सांगणार?" बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलायला लागलात आणि मला डुलकी लागली. मी ते कालच चित्रणात पाहिलं!"