गोल पानांची निळी घंटा

तण ओळखणं मला कुणी शिकवायचं नाही! कचेरीत मी लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधतो, त्यामुळे वाफ्यात नको ते शोधणं माझ्या हातचा मळ.

आत्या चौथ्या मजल्यावर राहायला गेली तेव्हा तिने अंगणातला निळ्या घंटांचा गड्डा खणून त्याचे दोन भाग केले. एक मला दिला, एक माझ्या धाकट्या भावाला. हे रानफूल आतोबांनी लग्नाच्या वर्षी डोंगरउतारावरून आणलेलं. दर थंडीत वाळायचं आणि दरवर्षी मुळातून पुन्हा फुटायचं. आतोबा गेल्यावरही फुटत राहिलं. "एकदा फुललेलं दाखवा रे मला," ती म्हणाली. "खालची पानं गोल असतात, नखाएवढी." पुढेही ती काहीतरी सांगत होती, पण मला सगळं समजलं होतं.

थंडी सरली आणि गोल पानं आली. मी खूश! मग नेमक्या त्यांच्या मधूनच गवतासारख्या बारीक काड्या डोकावल्या. मी उपटल्या. आठवड्याने पुन्हा हजर. मी माती बदलली, जाळी लावली, शेजाऱ्यांवर संशय घेतला, तरी काड्या मधूनच! तण कडेने येतं, हे मधून कसं येतंय तेच कळेना. एकदा राहू देऊन बघा, असं बायको म्हणाली. मी तिला तण डोक्यावर कसं बसतं ते समजावलं. ती आत निघून गेली.

एवढ्यात धाकटा आठ दिवस गावाला गेला. पाणी घालायला त्याची किल्ली माझ्याकडे. जाऊन बघतो तर काय, आळशाच्या वाफ्यात काड्यांचं रान माजलेलं! दुसऱ्या दिवशी आत्या येणार होती. मला भावाची दया आली. दोन तास गुडघ्यांवर बसून मी एकूण एक काडी उपटली. टोकांना बारीक गाठी धरल्या होत्या, म्हणजे बी पडायच्या आत आपण पोचलो म्हणायचं. काड्या मी बादलीत, थोड्या पाण्यात ठेवून घरी आणल्या. पुरावा सुकायला नको.

आत्या आली ती थेट माझ्या वाफ्याशी. बराच वेळ वाकून बघत राहिली.

"काड्या कुठायत?"

मी अभिमानाने बादली पुढे केली. तिने एक काडी उचलली आणि टोकाची गाठ चिमटीत धरली.

"अरे, ही कळी आहे. गोल पानं फक्त खाली असतात. फूल येतं ते या काड्यांवर."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. आणि एवढ्या एका वाफ्यातल्या नाहीत या."

धाकट्याचाही वाफा साफ केल्याचं मी कबूल केलं. मला इतकी लाज वाटली की मी बादलीशीच बोलत होतो. आत्याने काड्या निवडून काचेच्या ग्लासात ठेवल्या आणि मुक्काम वाढवला.

तिसऱ्या दिवशी ग्लासात निळ्या घंटा उमलल्या. आत्याने एकीला बोट लावलं. "ह्यांनीही तेव्हा असंच ओरबाडून आणलं होतं," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मला मात्र हसावं की माफी मागावी ते कळेना.

तेवढ्यात गावाहून परतलेला धाकटा दारात उभा. ग्लास बघून चाटच पडला.

"दादा, तुझं फुललं! माझ्याकडे नुसती गोल पानं उरलीत रे. मला एकदा येऊन शिकवशील?"

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. मी म्हटलं, "येईन की."