जिनगर-मुजावर यांचा प्रलंबित अर्ज

कासारवेळे गावात एखादी गोष्ट मोडली, की नगरपालिकेत योग्य शब्दाने तिची नोंद होईपर्यंत ती अर्धीच मोडलेली राहत असे. भिंत कलायची, पण पडायची नाही. कपाचे दोन तुकडे झाले तरी त्यात चहा राहायचा. रघुनाथ जिनगराच्या बाइंडिंगच्या दुकानात असा एक कप पाच वर्षं होता. मधोमध बोटभर फट, फटीतून पलीकडचं दिसायचं. तो नोंदवायला कुणाला सवड झाली नव्हती.

पण भागीदारी अर्धी मोडलेली ठेवणं कपाइतकं सोपं नसतं. रघुनाथ आणि बाबालाल मुजावर बावीस वर्षं एका सतरंजीवर बसून पुस्तकं बांधत होते. बाबालाल खळ शिजवायचा, रघुनाथ शिवायचा. एक दिवस कॉलेजच्या ग्रंथपालांसमोर रघुनाथ म्हणाला, "पानांना वास येतोय तो याच्या नासक्या खळीचा." बाबालालने हातातला ब्रश खाली ठेवला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायला गेले, की एक शब्द तेवढा बाहेर यायचा, पुढचं घशातच राहायचं. बाबालाल दुकान सोडून निघाला, की चौकातल्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचायचा आणि तिथून पुढे त्याचं पाऊल पडायचं नाही. मग तो दिवसभर गोणीवर बसून राहायचा.

असे सतरा दिवस गेल्यावर रघुनाथने अर्ज भरला. 'काय झाले' या रकान्यात त्याने 'मोडली' असं लिहिलं. सगळे तसंच म्हणतात. सोयरीक मोडली, बेत मोडला, भागी मोडली. त्यात चूक होण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

घरी आल्यावर त्याने पोच उलटून पाहिली. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं : 'मोडली' अशी नोंद असलेली गोष्ट गुरुवारी चार वाजता भंगारगाडी उचलून नेईल. मागच्या वर्षी बारटक्के बंधूंची भागी अशीच उचलून नेली होती. दुसऱ्या दिवशी थोरला बारटक्के धाकट्याला विचारत होता, "आपलं नाव काय म्हणालात?"

गुरुवारी तीन वाजता रघुनाथ गिरणीपाशी गेला.

"चल," तो म्हणाला. पुढचं आलं नाही, म्हणून त्याने पोच दाखवली. बाबालालने ती दोनदा वाचली, पायजम्यावरचं पीठ झटकलं आणि उठला. नगरपालिका सुदैवाने गिरणीच्या अलीकडे होती.

मोडतोड विभागाच्या खिडकीत शेंडगे मॅडम बसल्या होत्या.

"शब्द चुकलाय, तेवढा दुरुस्त करायचा होता," रघुनाथ म्हणाला.

"सगळ्यांचाच चुकतो." मॅडमनी मोठं रजिस्टर पुढे ओढलं. "मोडली नाही, मग काय झालं? आवाज आला होता?"

"नाही."

"म्हणजे फुटली नाही. दोन टोकं आहेत?"

"टोकं म्हणजे आम्हीच की," बाबालाल म्हणाला.

"माणसं धरत नाहीत. म्हणजे तुटली नाही. उसवली?"

हा शब्द रघुनाथच्या रोजच्या हातातला होता. "उसवलीच. लिहा."

"दोरा जोडा."

"कसला दोरा?"

"उसवलं म्हणजे आधी शिवलेलं असणार. बाइंडर ना तुम्ही?"

रघुनाथने खिसे चाचपले. मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ होतं, पण ते कोरं. बावीस वर्षं आपण दोघं कशाने शिवलेले होतो, हे त्याला आठवेना.

"निखळली लिहा," बाबालाल म्हणाला. "जागा शिल्लक आहे. सतरंजीवर माझ्या बैठकीचा खळगा आहे अजून. विचारा ह्यालाच."

"मॅडम, त्याला सांगा, मी तिथं कात्रीसुद्धा ठेवत नाही."

"शेजारीच उभे आहेत ना ते?"

"आमचं एका शब्दापुढं जात नाही हो."

मॅडमनी मान हलवली. अशी माणसं त्यांच्याकडे रोज येत. "निखळायचं ते एका झटक्यात निखळतं. हे कधीपासून?"

"त्या ग्रंथपालांसमोर मी बोललो, तेव्हापासून," रघुनाथ म्हणाला.

"मॅडम, खोटं आहे. दोन वर्षं झाली, हा माझी खळ बोटाला लावून हळूच वास घेतो. मला दिसत नाही असं वाटतं शहाण्याला."

रघुनाथ गोंधळला. आपल्या एका वाक्याने सगळं झालं, असं धरून तो सतरा दिवस जेवला नव्हता धड. "त्याला सांगा, खळीत मोरचूद कमी पडतोय का ते बघत होतो. पुस्तकांना कसर लागते."

"मग ह्याला तोंड होतं की विचारायला, मॅडम!"

"थांबा दोघंही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ही सैल झालेली आहे. हळूहळू."

"मग सैल लिहा."

"सैल इथे घेत नाहीत. ती मोडतोडच नाही. वरच्या मजल्यावर जा, दोघांनी. पावणेचार झालेत."

वर जायचा जिना अकरा वर्षांपूर्वी कोसळला होता. तो खचला की ढासळला यावर साहेबांची सही व्हायची होती, त्यामुळे पायऱ्या आपापल्या उंचीवर अधांतरी थांबल्या होत्या. सातव्या पायरीवर रघुनाथचा पाय हुकला. बाबालालने त्याचं कोपर धरलं.

"चुकलो," रघुनाथ म्हणाला.

"सावकाश," बाबालाल म्हणाला आणि कोपर सोडलं नाही.

वरच्या दाराला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं : 'सैल, ढिले, विरलेले, कुरकुरणारे. फक्त मंगळवारी, दहा ते साडेदहा.' खाली खिळ्याला छापील चिठ्ठ्या टांगल्या होत्या. 'अर्ज प्रलंबित.' त्यांनी एक फाडून घेतली आणि दोघांनी सही केली.

दुकानापाशी पोचले तेव्हा गाडी उभी होती. एका हमालाने दुकानाची पाटी उतरवली होती आणि दुसरा सतरंजी गुंडाळत होता. रघुनाथने चिठ्ठी पुढे केली.

"प्रलंबित होय," हमाल म्हणाला. "मग हात लावता येत नाही. आधी सांगायचं की, काका. उगं पाठ मोडली आमची." त्याने पाटी परत टांगली. किंचित तिरकी.

मंगळवारी दोघं साडेनऊला निघाले.

"मोरचूद?" रघुनाथने वाटेत विचारलं.

"चिमूटभर."

"कमी!"

"पुरे!"

"कसर!"

हे नगरपालिकेच्या फाटकात इतका वेळ चाललं, की वर पोचेपर्यंत दाराला कुलूप लागलं होतं. पुढच्या मंगळवारीही तसंच झालं, आणि नंतर दर मंगळवारी; प्रत्येक वेळी ते खिळ्यावरची नवी चिठ्ठी फाडून आणत. आता प्रलंबित चिठ्ठ्यांची चळत बरीच जाड झाली होती, तेव्हा त्यांनी ती बांधायला घेतली. शिवण रघुनाथची, खळ बाबालालची.

चार वाजता बाबालालने फुटक्या कपात चहा ओतला. रघुनाथने कप उचलला. फटीतून पलीकडे बाबालाल पातेलं ढवळताना दिसला.

"वास?" बाबालालने मान वर न करता विचारलं.

"नाही," रघुनाथ म्हणाला आणि चहा प्यायला.