किमान पन्नास केस

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आवक-जावक शाखेतून वर गेलेल्या एका फायलीत, पान सत्तावीस आणि अठ्ठावीस यांच्या मध्ये एक केस सापडला. केस काळा होता, चार बोटं लांब होता आणि त्यावर आवक क्रमांक नव्हता. मोठ्या साहेबांनी तो चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पाहिला. साहेबांचं डोकं गेली पंधरा वर्षं काचेसारखं गुळगुळीत असल्यामुळे संशय त्यांच्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी समासात शेरा मारला : 'कर्मचाऱ्यांचे केस गळतात. उपाययोजना व्हावी.'

शेरा खाली कल्याण शाखेत आला. या शाखेत एक बाई, एक कपाट आणि कित्येक वर्षं कुणाचंही कल्याण करण्याची संधी न मिळाल्यामुळे साठलेला उत्साह, एवढा ऐवज होता. बाई त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या आणि त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडून एक पत्रक लिहून घेऊन आल्या. पत्रक साधं, अर्ध्या पानाचं. केस आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यानं धुवावेत. ओले केस विंचरू नयेत, टॉवेलनं खसाखसा पुसू नयेत. कंगवा रुंद दातांचा आणि स्वतःचाच असावा. डोकं नखांनी खाजवू नये, बोटांनी हलकं चोळावं. उशीचा अभ्रा आठवड्याला बदलावा. पुरेसं झोपावं आणि चिंता कमी करावी. झाल्या सहा सवयी. घाबरट माणसांना धीर म्हणून डॉक्टरीणबाईंनी खाली एक ओळ जोडली होती : 'दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक आहे.'

पत्रक वाचून सगळ्यात जास्त आनंद आवक-जावकच्या हेडक्लार्कना झाला. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे; सगळे त्यांना आयाळराव म्हणत. वय छप्पन्न, आणि डोक्यावर केस असे की न्हावी त्यांच्यासाठी वेगळी कात्री ठेवी. यात आयाळरावांची कर्तबगारी काही नव्हती. लहानपणी थोरल्या बहिणीनं धाकात ठेवून लावलेल्या सवयी त्यांनी निव्वळ आळसापोटी बदलल्या नव्हत्या. पत्रकातल्या सहाच्या सहा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या.

"बघ, आता सरकारी कागदावर आलंय," ते बायकोला म्हणाले.

"मला काय सांगता? आमच्या बाबांनी तुमचा पगार बघितला होता. मी केस बघितले होते," बायको म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी येता-जाता ती त्या केसांतून हात फिरवी.

पण नुसतं पत्रक वाटून भागलं असतं तर कचेरी कशाला हवी होती? सवयी पाळल्या जातात की नाही, याचा पुरावा हवा. म्हणून कंगव्यांवर क्रमांक पडले. दर शनिवारी वापरलेला अभ्रा कल्याण शाखेत जमा करायचा ठरलं. महिन्याभरात कपाट अभ्र्यांनी गच्च भरलं आणि निम्मी कचेरी घरी वर्तमानपत्रावर डोकं टेकून झोपू लागली. 'मी चिंता करत नाही' असं प्रतिज्ञापत्र प्रत्येकानं लिहून दिलं. ते खोटं ठरल्यास कारवाई होणार होती, त्यामुळे ज्यांना आजवर चिंता नव्हती त्यांनाही ती लागली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दिवसभरात गळलेले केस मोजून, पाकिटात घालून, दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आत द्यायचे.

आयाळरावांचं पहिलं पाकीट परत आलं. ते कल्याण शाखेत गेले.

"यात नऊच केस आहेत," बाई म्हणाल्या.

"नऊच गळले."

"किमान पन्नास लागतात."

"पण बाई, कमी गळले तर चांगलंच की!"

"चांगलं-वाईट लिहायला रकानाच नाही इथे. पन्नास ते शंभर स्वाभाविक. नऊ म्हणजे अस्वाभाविक. एकतर तुम्ही नीट मोजत नाही, नाहीतर लपवताय."

"केस लपवून मी काय करणार?"

"ते खुलाशात लिहा."

एरवी आयाळरावांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. पण पुढच्या महिनाअखेर त्यांच्या शाखेचे अधीक्षक निवृत्त होणार होते. त्या जागेची आयाळराव अकरा वर्षं वाट बघत होते. हात असलेली खुर्ची, दारावर पाटी, आणि 'अहो हेडक्लार्क' ऐवजी 'साहेब' अशी हाक. नव्या नियमाप्रमाणे बढतीसाठी केशारोग्य प्रमाणपत्र लागणार होतं, आणि प्रमाणपत्रासाठी सलग तीस दिवस स्वाभाविक पाकिटं.

ते थेट न्हाव्याकडे गेले. "पन्नास केस दे."

"कुणाचे?"

"कुणाचेही. काळे-पांढरे मिसळून."

न्हाव्यानं कात्री खाली ठेवली. "वीस वर्षं लोक माझ्याकडे केस ठेवून जातात. न्यायला तुम्हीच पहिले," असं म्हणत त्यानं जमिनीवरचे झाडून पुडीत बांधून दिले.

बाईंनी भिंग लावलं. "हे कापलेले आहेत. गळलेल्या केसाला मूळ असतं. आणि हा एक लाल आहे."

"मेंदी..."

"एकाच केसाला?"

आयाळरावांना नोटीस मिळाली. शासनाची केसाने गळा कापून फसवणूक का केली, याचा तीन दिवसांत खुलासा मागवला होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी साधी ताकीदसुद्धा मिळाली नव्हती. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. वर 'मी चिंता करत नाही' या कागदावर आपली सही आहे, ही चिंता वेगळीच. विचार करता करता नखं डोक्यात जाऊ लागली. सकाळी उठायला उशीर, म्हणून ओलेच केस खसाखसा पुसून, हाताला लागेल तो कंगवा फिरवून ते कचेरीत पळू लागले.

चौथ्या दिवशी सतरा निघाले. सातव्या दिवशी चौतीस. दहाव्या दिवशी सकाळी नवरा-बायको पांढऱ्या कागदावर डोकं जोडून मोजत बसले होते.

"अहो, अठ्ठावन्न!" बायको ओरडली.

"पुन्हा मोज."

"अठ्ठावन्नच! आणि सगळे मुळासकट!"

आयाळरावांनी तिचे दोन्ही हात धरले. दोघांनाही मनापासून आनंद झाला, आणि लगेच आनंद झाल्याची लाज वाटली. बायकोनं सवयीनं त्यांच्या केसांतून हात फिरवला. हातात आले ते तिनं मुकाट्यानं पाकिटात टाकले.

तेराव्या दिवशी गाडी एकशे चाळीसवर गेली.

"आता जास्त झाले. शंभरच्या वर अस्वाभाविक," बाई म्हणाल्या.

"मग वरचे चाळीस उद्याच्या पाकिटात घालू?"

"तसं पुढे ओढता येत नाही. वरचे घरीच केरात टाका. केराबद्दल आम्ही काही विचारत नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाई त्यांच्याशी माणुसकीनं बोलल्या. तेव्हापासून पाकिटात रोज नव्वद आणि केरात उरलेले, असा क्रम बसला. बायको केरसुणी घेऊन वाकली की आयाळराव दुसऱ्या खोलीत जात. एकदा ती म्हणाली, "सोडा हो ती खुर्ची. नाही झालात साहेब, तर काय बिघडलं?" त्यावर ते म्हणाले, "आता सोडली तर एवढे गेले ते फुकट गेले." तिनं पुन्हा केरसुणी उचलली.

तिसावं पाकीट स्वीकारलं गेलं, आणि त्यानंतर द्यायला काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दरवानानं त्यांना फाटकावर अडवलं. ओळखपत्रावरच्या फोटोकडे आणि समोरच्या तुळतुळीत डोक्याकडे त्यानं आलटून पालटून पाहिलं.

"हे साहेब अजून आले नाहीत. आले की निरोप देतो," तो म्हणाला.

महिनाअखेर सभागृहात कार्यक्रम झाला. आयाळरावांना आदर्श केशारोग्याचं प्रमाणपत्र आणि बढतीचा आदेश एकाच ताटात मिळाला. मोठ्या साहेबांनी शेजारी उभं राहून फोटो काढला. फ्लॅश दोन्ही डोक्यांवरून उसळला, त्यामुळे फोटोत फक्त उजेड आला. बाईंनी अहवाल वाचला : अभियानापूर्वी नियमात बसणारे कर्मचारी शून्य, आज शंभर टक्के. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्यांच्या वेळी तिचे हात मांडीवरच राहिले.

प्रमुख पाहुण्या होत्या त्याच डॉक्टरीणबाई. समोरची विरळ झालेली डोकी बघून त्यांचा चेहरा उतरला. भाषण बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मी सहा सवयी लिहून दिल्या होत्या. त्या कोणी सांगेल का?"

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "पन्नास ते शंभर!" आणि सगळ्यांनी तो उचलून धरला.

"ती सवय नाही हो!" डॉक्टरीणबाई काकुळतीला आल्या आणि आयाळरावांकडे वळल्या. "निदान तुम्ही सांगा. तुमचा तर सत्कार आहे."

आयाळरावांनी तोंड उघडलं. पन्नास वर्षं ज्या हातांनी जे रोज बिनबोभाट केलं, ते त्या हातांना ठाऊक होतं. थोरल्या बहिणीचा आवाज कानात होता, कोमट पाणी आठवत होतं. पण समोर मोठे साहेब होते, मागे हातांची खुर्ची होती. त्यांनी घसा खाकरला.

"किमान पन्नास," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची मात्र रिकामी झाली होती.

तुम्हाला हसू आलं असेल. यायलाच हवं. तर मग वर न बघता त्या सहा सवयी सांगा पाहू. पहिली? बरं, चौथी? राहू द्या. दिवसाला किती केस गळलेले चालतात, ते तुम्हाला नक्की आठवतंय. आणि मघापासून डोक्यात घातलेला तो हात आता बाहेर काढा. किती आले?