सर्जाकाकांची शिस्टिम

आमच्या शेजारच्या सर्जाकाकांच्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, नाव ‘मामा रुसला’. त्याच्याखाली ‘नवरदेव घोड्यावर बसंना’, मग ‘आचाऱ्याला उशीर’, मग ‘सासू बघायलीय’ आणि अगदी तळाला ‘पोलीस आले’. या शेवटच्या फोल्डरमध्ये एकच फाईल आहे. ती आरती आहे.

सर्जाकाका डीजे आहेत. वय पंचावन्न, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवरून हेडफोन. त्यांच्या टेम्पोच्या मागं ‘डीजे सर्जा’ अशी अक्षरं आहेत, क्रांती चौकाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत दिसतील एवढी.

आणि मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण विचारायची वाट बघत बसलं तर राहूनच जातं. वडलांचा जन्म मेंढरांमागं गेला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे ठरवणं माझं काम. त्यामुळं काकांचा लॅपटॉप पहिल्यांदा बघितला तेव्हा मला गरगरलंच. फाईलींची नावं ‘पिवळा शर्ट’, ‘चष्मेवाली मावशी’, ‘कन्नडवाले दोनदा’. म्हणजे कन्नड गावच्या एका वरातीनं ते गाणं दोनदा लावायला लावलं होतं.

“काका, गाणी गायकाच्या नावानं लावा, नाहीतर सिनेमाच्या. सगळं जग तसंच लावतं.”

“जगाला लगीन वाजवायचं नाय,” काका म्हणाले. “आपली शिस्टिम येगळी हाय.”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. टोपीवरून हेडफोन का, विचारलं तरी हेच. चहा बशीत ओतून परत कपात का ओतता, विचारलं तरी हेच.

पण त्या शिस्टिमची करामत मी डोळ्यांनी पाहिली आहे. फुलंब्रीकडं माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं. फेटा लहान बांधला म्हणून नवरीचे मामा रुसले आणि लांब उभ्या केलेल्या जीपमध्ये काचा वर करून बसले. चार माणसं समजवायला गेली, चारही परत आली. काकांनी शांतपणे ‘मामा रुसला’ उघडलं. पहिल्या गाण्याला जीपची काच खाली आली. दुसऱ्याला दार उघडून एक पाय बाहेर आला. तिसऱ्याला मामा सगळ्यांच्या पुढं, आणि तोच लहान फेटा हातात घेऊन गरागरा फिरवतायत.

“चौथं गाणं लागलं असतं तर?” मी विचारलं.

“तर त्यो मामा नाय. त्यो वकील हाय.”

बाहेर गाव हलवणारा हा माणूस घरी मात्र एक गाणं लावत नाही. विमलकाकू म्हणतात, “लोकाच्या दारात भिंती हालवतेत आन् घरी मी मिक्सर लावला तरी म्हणतेत, आवाज कमी कर.” गाण्यांची हार्ड डिस्क काका काकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. एकदा डबे बदलले. वरात दारात उभी, आणि काकांच्या हातात दोन भाकरी आणि ठेचा. इकडं काकूंनी हार्ड डिस्क घेऊन रिक्षा केली आणि वाटभर रिक्षावाल्याला ऐकवलं, “हळू चालव रे बाबा, नवरा हाय डब्यात.”

गेल्या उन्हाळ्यात ही हार्ड डिस्क भरली. नवीन गाणी बसेनात. औरंगपुऱ्यातला दुकानदार दुसरी घ्या म्हणाला, पण काकांना दोन डबे सांभाळायचे नव्हते. त्यात दौलताबादला काकूंच्या भाचीची हळद चार दिवसांवर आलेली. काका डबा घेऊन आमच्याकडं आले.

“बाई, तू शिकलेली हायेस. जरा जागा करून दे. नावाला मात्र हात लावू नको.”

मी शब्द दिला आणि पाळला. एका नावाला हात लावला नाही. फक्त एकच गाणं दोनदा-तीनदा असेल तिथं जादाचं काढलं. तसं काढता काढता मला ‘घरचं’ नावाचं फोल्डर सापडलं. आत एकच गाणं, हळदीत बाया नाचतात त्यातलं, आणि ते सात वेळा. मी दोन-तीन लावून बघितली. तीच बाई, तेच शब्द, पण खालची जरा रेंगाळल्यासारखी वाजत होती. कुठून तरी खराब उतरवलेली असणार. मी त्यातलं सगळ्यांत खणखणीत वाजणारं ठेवलं, सहा उडवली आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

मोकळी जागा बघून काका खूश झाले. “शिकल्याचा फायदा असतोय बुवा,” असं गल्लीत चार लोकांना सांगितलं. मी चार दिवस तरंगत होते.

हळदीला मलाही बोलावणं होतं. सकाळची वेळ, दारात मांडव, पलीकडं किल्ल्याचा डोंगर. नवरीला हळद लागली आणि बायांनी गलका केला, “भाऊजी, विमलचं गाणं लावा.” त्या घरातला हा रिवाजच आहे. कुठलंही कार्य असो, आधी विमलकाकू त्यांच्या एका गाण्यावर नाचणार, मग बाकीच्या. काकूंचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे, चालताना टेकत चालतात. पण नाचताना मी त्यांना दोनदा पाहिलं होतं. हात, खांदे, मान सगळं गाण्यात, आणि पाय बरोबर ठेक्यावर. पायाची आठवणसुद्धा होत नाही.

मी मुद्दाम काकांच्या शेजारी उभी होते. आपलं काम वाजताना बघावं म्हणून. काकांनी ‘घरचं’ उघडलं आणि थांबले.

“यात सात होती.”

“सातही तेच होतं काका. सहा काढली. चांगलं वाजणारं ठेवलंय.”

काकांनी हेडफोन काढला. टोपीही काढली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

“तेच नव्हतं, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिचा पाय दरसाल जरा जरा जड व्हायलाय. तसं मी गाणं बी दरसाल जरा जरा हळू करत आलो. तिला कळू नाय म्हणून. सातवं यंदाचं होतं.”

मी म्हणाले, “मग आत्ता इथंच हळू करा ना.”

“ते घरी बसून, ऐकून ऐकून करावं लागतंय. इथं अंदाजानं केलं की कळतंय.”

तोवर काकू पदर खोचून मांडवाच्या मधोमध आल्या होत्या. बाया टाळ्या वाजवत होत्या. काका बसून राहिले असते तर सगळ्यांनी मागं वळून बघितलं असतं. त्यांनी गाणं लावलं.

पहिलं कडवं काकूंनी धरलं. दुसऱ्याला गाणं त्यांच्या पुढं निघून गेलं. त्यांनी एक गिरकी अर्धी सोडली, पुढच्या ठेक्याला गाठायला गेल्या, आणि थांबल्या. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण हात खाली येऊ लागले होते.

काकांनी वेगाची पट्टी धरली आणि खाली ओढली. घाईत जास्तच ओढली. गाणारी बाई एकदम सर्दी झाल्यासारखी गायला लागली. मांडवात हशा पिकला. “काका, बॅटरी उतरली काय?” कुणीतरी ओरडलं. “सासुरवाडीला आले की मशिनीला बी झोप येती,” दुसऱ्यानं भर घातली.

“उन्हानं होतंय असं,” काका मशिनीकडं बघत म्हणाले. मशिनीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

काकू पाय टेकत आमच्याकडं आल्या. मी एक पाऊल मागं सरकले. सांगून टाकावं, माझ्यामुळं झालं म्हणावं, असं तोंडापर्यंत आलं होतं.

काकू टेबलावर वाकल्या आणि काकांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, “यवढी बी म्हातारी नाय झाले मी. गेल्या साली होतं तेवढंच ठिवा.”

आणि परत मांडवात जाऊन, हात वर करून उभ्या राहिल्या.

काकांनी तिकडं बघितलं. मग त्यांनी पट्टी अगदी नखभर वर सरकवली.