टनेल, कर्नल आणि चिमणाबाई

वेदिका भागडे सकाळी फोनवर जरा मोठ्यानेच बोलली आणि तिथून सगळं सुरू झालं.

"अरे, टनेलची माहिती कर्नलमध्ये उघडी करायचीय! दोनदा परत आलंय माझं काम. आज संध्याकाळपर्यंत पाठवलं नाही, तर पुढचे दोन महिने कुणी ढुंकून बघणार नाही."

बाहेरच्या खोलीत तिचे वडील, सहादू भागडे, चहा घेत होते. ते रेल्वेत गँगमन होते. तीस वर्षं कसाऱ्याच्या घाटात गेल्यामुळे टनेल म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि कर्नल म्हणजे देवळाली कॅम्पातला मिल्ट्रीचा साहेब, हेही उघड होतं. लेक घरात बसून कॉम्प्युटरवर नक्की काय करते, याचा चार वर्षांत न लागलेला उलगडा त्यांना अर्ध्या मिनिटात झाला. कप तसाच ठेवून ते गॅलरीत गेले आणि घोटीजवळच्या गावी भावजयीला, चिमणाबाईंना, फोन लावला.

"वहिनी, मिल्ट्री टनेल काढतीय. आपली वेदिका कर्नलसायबाला माहिती देनार हाय, आजच. कुनाला सांगू नका."

चिमणाबाईंनी कुणालाही सांगितलं नाही. फक्त माजी सरपंच सोमनाथला सांगितलं, कारण जीप त्याची होती. अकराच्या सुमाराला नाशिकला पाथर्डी फाट्यावरच्या भागड्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सात माणसं दाखल झाली. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बाराचा उतारा होता.

"ताई, टनेलचं तोंड कुठं निघतंय तेवढंच सांगा," सोमनाथ म्हणाला. "आपल्याच डोंगराखालून ना?"

"कुठल्या डोंगराखालून?" वेदिकाने विचारलं.

"बघा, बोलत नायत! कर्नलनं शपथ घातलेली दिसती."

वेदिकाने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं. तिला हसू येणार होतं, तेवढ्यात चिमणाबाई पुढे आल्या.

"पोरी, माजं दीडच एकर हाय. खायाचं भात तिथंच व्हतं. ते जानार का ऱ्हानार, तेवढं खरं सांग."

वेदिकाचं हसू जिरलं. तिने लॅपटॉप मिटला.

"काकू, जमीन कुठेही जात नाही. हा कर्नल म्हणजे माणूस नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटातला मुख्य कारभारी प्रोग्रॅम आहे तो. जगभरातले लोक मिळून तो लिहितात, आणि माझं काम झुरिचचा एक साहेब तपासतो. आणि हे टनेल म्हणजे पाकिटातलं पाकीट."

तिने लाइटबिलाचं पाकीट घेतलं आणि दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातलं. "कॉम्प्युटरची माहिती अशी पाकिटांतून जाते. वाट दुसऱ्याच्या हद्दीतून असली की वरून हे दुसरं पाकीट चढवतात. कुठून आलं, कुठल्या टनेलने आलं, ते या वरच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. पण दारातच वरचं पाकीट फाडून टाकतात. आत तपासणीला बसलेले छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना ते दिसतच नाही. आता ते मागतील तेव्हा वरचा मजकूर त्यांच्या पाटीवर उतरवून द्यायचा, एवढंच माझं काम आहे."

खोलीत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. एकट्या सोमनाथचा चेहरा उतरला. टनेलच्या तोंडाशी हॉटेल काढायचं, हे त्याने जीपमध्येच पक्कं केलं होतं.

चिमणाबाई मात्र पाकिटाकडेच बघत होत्या.

"आन एकादं साधंच आलं तर? वरचं पाकीट नसलेलं?"

"मग काही लिहायचं नाही. 'टनेल नाही' म्हणून सांगायचं आणि सोडून द्यायचं."

"पाटी पुसून सोडता का तशीच?"

"म्हणजे?"

"आमच्या डेरीत तसंच व्हतं. मशीन अडकलं, का आधीच्याच्या दुधाचं फॅट तसंच दिसतं. आन तो बाबा तेच माज्या नावावर लिवून घेतो."

वेदिकाने लॅपटॉप उघडला. खटाखट काहीतरी चालवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. साध्या पाकिटाच्या पाटीवर आधीच्या पाकिटाचा टनेल नंबर जसाच्या तसा दिसत होता. परक्याची माहिती भलत्याच्या हातात! हे असंच गेलं असतं, तर काम तिसऱ्यांदा परत आलं असतं आणि तेही रास्तच.

"काय झालं गं?" कुणीतरी विचारलं.

"गप बसा," सहादू दटावून म्हणाले. "कर्नल चालू हाय."

सातही जण भिंतीला टेकून बसले. सोमनाथने खालून मिसळ आणली. पाटी आधी पुसायच्या दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागली, तपासायला चार तास. संध्याकाळी पाच वाजता काम गेलं. खाली वेदिकाने रीतीप्रमाणे चूक दाखवणाऱ्याचं नाव लिहिलं: चिमणाबाई भागडे, घोटी.

दोन दिवसांनी उत्तर आलं. उत्तर देणारा, काम दोनदा परत पाठवणारा झुरिचचा तोच साहेब होता. वेदिकाने ते तीनदा वाचलं आणि गावी फोन लावला.

"काकू, काम घेतलं त्यांनी! जगभरातल्या कॉम्प्युटरांत जाणार. आणि तो साहेब म्हणतो, चिमणाबाईंची शंका अगदी बरोबर होती. पुढचं काम पाठवायच्या आधी त्यांना एकदा दाखवून घ्या."

पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

"दाव की," चिमणाबाई म्हणाल्या. "पन आइतवारी ये. सोमवारपासनं आमची भाताची आवणी हाय, रोपं लावायची, मंग मला टाइम नाय."