बिनडागाची घोडी

“घोडीचा विमा ना? माझ्यावर सोड! चौतीस वर्षं मी काय गवत उपटलं?”

असं म्हणून नंदकुमार तोरसकरांनी मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मुलुंडच्या त्या घरात तिघंच होते. नंदकुमार, त्यांची बायको कुंदा आणि कुंदाचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश. दोघा पुरुषांची छाती फुगली. कुंदा कांदा चिरत राहिली. नवऱ्याच्या आत्मविश्वासाचा तिला बत्तीस वर्षांचा अनुभव होता.

नंदकुमारांनी एका विमा कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात क्लेम खात्यात चौतीस वर्षं काढली होती. काढली म्हणजे लोकांचे क्लेम नामंजूर करण्यात काढली! जळालेलं गोदाम असो, बुडालेली होडी असो, त्या कागदांत त्यांना नेमकी एक चूक सापडायची आणि मग ते खुशीत चहा मागवायचे. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते, की तोरसकरांमुळे कंपनी उभी आहे. ज्यांना त्यांनी आडवं केलं, त्यांना त्या समारंभाचं आमंत्रण नव्हतं.

चंद्रप्रकाशचं सगळं जग म्हणजे शेवंती. साकीनाक्याला दोन वर्कशॉपच्या मधल्या पत्र्याच्या तबेल्यात राहणारी पांढरी घोडी. मिल बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी हा धंदा धरला, तो त्याने पुढे चालवला. लग्नसराईत वराती, एरवी जुहूला पोरांना पाठीवर बसवून फेऱ्या. गेल्या वर्षी शेजारच्या राजेशची घोडी डीजेला बुजून पडली आणि राजेश आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो. ते पाहिल्यापासून चंद्रप्रकाशने घोडीच्या विम्याचा ध्यास घेतला होता.

“भावोजी, कंपनी विश्वासाची पाहिजे. बाकी मला काही कळत नाही.”

“अरे, पॉलिसी विकताना सगळेच गोड बोलतात. जनावर मेल्यावर कसे बोलतात, ते बघायचं!”

आणि नंदकुमारांनी खरोखरच तसं बघायला सुरुवात केली. रोज सकाळी आंघोळ करून ते खिडकीशी बसायचे, एकेका कंपनीला फोन लावायचे आणि गळा काढायचे, “माझी घोडी वारली हो!”

“सॉरी सर. टू-व्हीलर की फोर-व्हीलर?”

“चार पाय आहेत!”

“फोर-व्हीलर. गाडी नंबर सांगा.”

दुसऱ्या कंपनीने पाऊण तास बासरी ऐकवली. तिसरीने घोडीचं आधार कार्ड मागितलं. चौथीतली मुलगी बिचारी स्वतःच रडायला लागली, आणि नंदकुमारांनी वहीत शेरा मारला, ‘हळवी माणसं, धंदा टिकणार नाही.’ चार दिवसांत शेवंती अकरा वेळा मेली!

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मृणालिनीताई डोळ्यांना पदर लावून दारात उभ्या.

“सगळं ऐकलं हो खिडकीतून. किती तो जीव तुमचा मुक्या जनावरावर! आमच्या प्रांजलची वरात तिच्यावरूनच निघायची होती ना... असो. आम्ही बग्गी ठरवली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

नंदकुमार खुलासा करेपर्यंत बग्गीवाल्याने विसार घेऊन खिशात घातला होता. सोसायटीतल्या आणखी दोन घरांनीही बग्गीच ठरवली. चंद्रप्रकाशच्या हंगामातल्या तीन वराती गेल्या, आणि वर त्याला सांत्वनाचे फोन आले ते वेगळेच.

“मोठ्या कामात थोडं नुकसान सोसावं लागतं,” नंदकुमार म्हणाले. सोसणारा दुसरा असला की त्यांना हे वाक्य फार सहज सुचत असे.

बाराव्या कंपनीचा फोन मात्र दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला.

“क्लेम विभाग, यज्ञेश बोलतोय. तोरसकर सर? तुम्ही?”

यज्ञेश! नंदकुमारांच्याच टेबलाशेजारी बसून काम शिकलेला, आता या बाराव्या कंपनीत क्लेम विभागाचा प्रमुख. नंदकुमारांनी वही मिटली.

“झालं काम! ही खरी विश्वासाची कंपनी. माझ्या हाताखाली तयार झालाय तो.”

“म्हणूनच तर भीती वाटते,” कुंदा म्हणाली. पण घरात तिचं बोलणं कुणी ऐकायचं असतं, असा काही नियम नव्हता.

पाहणीचा दिवस ठरला. कंपनीने जनावरांचा डॉक्टर पाठवला. त्याने पहिल्यांदा पिशवीतून पिवळा प्लास्टिकचा बिल्ला काढला आणि कानाला टोचायचा म्हणाला. चंद्रप्रकाश आडवाच आला!

“साहेब, नवरदेवाच्या घोडीला असला बिल्ला? मुलाकडचे तबेल्याच्या दारातून परत जातील! खोड असलेलं जनावर शुभकार्याला घेत नाहीत.”

नंदकुमार अशाच क्षणासाठी जन्माला आले होते. “कलम सात, पोटकलम तीन! बिल्ला नको असेल तर फोटो आणि अंगावरच्या खुणांचं वर्णन चालतं. आणा तो फॉर्म इकडे!”

ते तबेल्याच्या बाहेर, घोडीपासून पंधरा हात लांब, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिहू लागले. जनावरांची त्यांना मनातून भीती वाटायची. शिवाय वस्तूकडे न बघता तिचे कागद रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. शेवंती आत चमचम करत उभी होती. पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर चंद्रप्रकाशने तिला पहाटेच न्हाऊ घातलं होतं, खरारा केला होता आणि वडिलांच्या वेळेपासून गिऱ्हाइकासाठी करत आले तेच केलं होतं. डाव्या खांद्यावर चपातीएवढा तांबूस डाग होता, त्यावर शंखजिऱ्याची पांढरी भुकटी नीट चोळून बसवली होती.

“रंग, शुभ्र पांढरा,” नंदकुमार मोठ्याने म्हणत लिहीत होते. “अंगावर डाग...”

“भावोजी, तिच्या खांद्यावर एक...”

“मध्ये बोलू नकोस रे! फॉर्म भरताना माणसाचं लक्ष हलतं आणि तिथेच वाट लागते. डाग, नाहीत. सही कर.”

चंद्रप्रकाशने सही केली. डॉक्टरला पुढे मुलुंड चेक नाक्याला म्हशी बघायच्या होत्या. त्याने चार बाजूंनी चार फोटो काढले, लांबूनच, आणि गेला.

पुढे जे झालं ते सांगताना हसू येत नाही, पण सांगायला तर हवं. घाटकोपरला एका वरातीत कुणी हौशी मामाने हजार फटाक्यांची माळ थेट शेवंतीच्या पायाशी लावली. ती उधळली, गटाराच्या लोखंडी जाळीत पुढचा पाय अडकला आणि ती कोसळली. नवरदेव हारासकट बँडवाल्याच्या ढोलावर पडला म्हणून वाचला. मामाने कपाळाला हात लावला आणि दुसरी माळ खिशात ठेवली. शेवंती वाचली, पण लंगडी झाली. पाठीवर पुन्हा कधी माणूस बसवता येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

“घाबरू नकोस,” नंदकुमार म्हणाले. “कायमचं अपंगत्व, कलम अकरा. आपली कंपनी आहे!”

तपासनीस आला. शेवंती तबेल्यात पाय वर धरून उभी होती, धुतलेली, औषध लावलेली, आणि डाव्या खांद्यावर चपातीएवढा तांबूस डाग! तपासनीसाने फॉर्म पाहिला, फोटो पाहिला, घोडी पाहिली.

“ही ती घोडी नाही.”

“नाही कशी?” चंद्रप्रकाश ओरडला. “साहेब, थांबा एक मिनिट!” तो धावत डबा घेऊन आला आणि तपासनीसाच्या डोळ्यांदेखत मूठभर शंखजिरं शेवंतीच्या खांद्यावर चोळलं. डाग गेला! “बघा! झाली की नाही तीच?”

तपासनीसाने त्याचाही फोटो काढला. लांबून नाही, अगदी जवळून.

नंदकुमार तडक यज्ञेशच्या केबिनमध्ये. यज्ञेशने उठून नमस्कार केला, चहा मागवला. चहा मागवलेला पाहूनच नंदकुमारांना निकाल कळला.

“सर, डाग असलेल्या घोडीचा विमा आपण उतरवलेलाच नाही. आणि तीच घोडी म्हणाल, तर डाग लपवला म्हणून पॉलिसी रद्द. दोन दारं, दोन्ही बंद. सर, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? त्या होडीवाल्याच्या केसमध्ये?”

नंदकुमारांना होडीवाला आठवला. म्हातारा होता, वेसाव्याचा. होडीचा नंबर खाऱ्या हवेने पुसला गेला होता, म्हणून बुडालेली ती विम्याची होडीच नव्हे, असं नंदकुमारांनी लिहिलं होतं. तो तीन वेळा ऑफिसात आला होता आणि तिन्ही वेळा त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, “मग माझी होडी कुठंय?” त्या दिवशी ऑफिस खूप हसलं होतं.

“नामंजुरीचं पत्र एवढं कडक नको लिहूस,” नंदकुमार पुटपुटले.

“सर, मजकूर तुमचाच आहे, इकडे येताना मी बरोबर आणला. आम्ही एक शब्द बदललेला नाही.”

पत्र आलं. नंदकुमारांनीच ते तबेल्यात जाऊन वाचून दाखवलं, आणि ते इतकं घट्ट, इतकं बिनचूक होतं, की एका क्षणी त्यांना वाचताना अभिमान वाटला. मग त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. कुंदा शेवंतीच्या मानेवरून हात फिरवत होती.  

चंद्रप्रकाशने पाकीट हातात घेतलं. पाकिटात आणखी एक कागद होता. पॉलिसीच्या नूतनीकरणाची सूचना, संगणकाने आपणहून पाठवलेली. ‘आपल्या शुभ्र, निर्दोष घोडीचा विमा पुढील महिन्यात संपत आहे.’

“म्हणजे कंपनीच्या हिशेबाने विमा उतरवलेली शेवंती धडधाकट आहे?”

“कागदावर... हो.”

“मग भावोजी, तुमची एवढी ओळख आहे तिथे, तर तेवढं विचारून घ्या,” चंद्रप्रकाश म्हणाला. “ती घोडी कुठंय? रविवारी वरात आहे.”