भिडेकाका आणि अर्ध्या इंचाची फट

२००५ च्या नोव्हेंबरात, बर्फाचा पत्ता नसताना, शेजारच्या भिडेकाकांनी स्नो ब्लोअरच्या, म्हणजे बर्फ उडवून वाट साफ करणाऱ्या मशीनच्या, तोंडात भिजवलेला साबुदाणा ओतला आणि मशीन सुरू केलं. साबुदाणा उडाला तो थेट माझ्या गाडीच्या काचेवर.

“पंधरा फूट!” काका ओरडले. “काल पाच फुटांतच लोळत होता!”

“अहो, उद्या एकादशी आहे!” दारातून काकू.

“अगं, ओला बर्फ अगदी असाच वागतो.”

काकांची सगळी नोकरी पुण्यात पंप बनवण्यात गेली. ज्या मुलाकडे ते न्यू जर्सीला आले, तो नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला गेला. काकूंचं डायलिसिस इथे बसलेलं, म्हणून हे दोघं इथेच राहिले. काका कुणालाही भेटले की दुसऱ्या वाक्याला फटीवर यायचे. स्नो ब्लोअरच्या पुढचा स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा, म्हणजे इंपेलर, तो वरच्या नळकांड्यातून भिरकावतो. त्या पंख्याची पाती आणि भोवतालचं कवच यांत अर्धा इंच फट.

“कोरडा बर्फ उडतो रे. ओला फटीतून मागे घसरतो आणि नळकांडं चोंदतं. हे कंपनीवाले इंजिन मोठं करतात! अरे, फट बुजवा ना!”

साबुदाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी जुन्या टायरच्या पट्ट्या कापून पात्यांना बोल्टने बसवल्या होत्या. मी मोजपट्टी घेऊन बघितलं. पट्टी कवचाला जेमतेम घासत होती.

फेब्रुवारीत एका सकाळी पाणचट बर्फ पडला. वर रस्ता साफ करणाऱ्या प्लाउने ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा कमरेएवढा बांध घातला. दहा वाजता काकूंचं डायलिसिस. माझं मशीन दोन मिनिटांत चोंदलं. काकांचं बांधात शिरलं आणि तो काळा रेंदा लॉनच्या पार टोकाला जाऊन पडू लागला. साडेनऊला काका-काकूंना घेऊन माझी गाडी रस्त्यावर होती.

डायलिसिस सेंटरमध्ये काकूंना आत नेल्यावर मी म्हटलं, “काका, पेटंट घ्या आता.”

ते हसले नाहीत. “मागच्या हिवाळ्यात मशीन अडलं आणि डायलिसिसची एक खेप चुकली. अंगात पाणी साठून हिला आडवं होता येईना. रात्रभर मी पाठीला उशा लावत होतो. श्वास ऐकत होतो.”

चार तासांनी काकू बाहेर आल्या तसे ते ताडकन उठले आणि काकूंच्या कोटाची बटणं लावू लागले.

“अहो, वरचं खाली लावलंत.”

“असू दे गं,” काका म्हणाले, आणि सगळी काढून पहिल्यापासून लावत बसले.